डोंगरापलीकडं ऐकू न येणाऱ्या ओव्या

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी. तोही आमच्या ओसरीत, आत्याबाईंच्या उशाशी ठेवलेल्या रेडिओवर. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आवाज ऐकला आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. निवडलेली ज्वारी सगळ्या ओसरीभर झाली. या गोष्टीला आता तीन महिने होतील, पण अजून मनातून जात नाही. म्हणून लिहून काढते आहे. वही पेटीत साड्यांखाली असते.

माझं माहेर आष्ट्याजवळचं. उसाचा, पाण्याचा मुलूख. दिलं मात्र औंधच्या डोंगरापलीकडं, कोरडवाहू रानात. मालक पलटणीत, वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचे. घरात सासू, सासरे आणि मी. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी गेले, मुलगी झाली, आणि ती दोन महिन्यांची असताना आमच्या माहेरच्या गावात रेडिओची माणसं आली.

आमच्या त्या भागात तेव्हा एक लहान रेडिओ केंद्र नवीनच सुरू झालं होतं. सकाळी अभंग, मग बाजारभाव, दुपारी बायकांचा कार्यक्रम. त्या बायकांच्या कार्यक्रमासाठी जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. एक गृहस्थ यंत्र घेऊन आले होते आणि एक बाई माईक धरायला. गावात पिठाची गिरणी होऊन बरीच वर्षं झाली होती. जातं फक्त लग्नाच्या हळदीला आणि डाळ भरडायला निघायचं. आमच्या चुलतीनं माळ्याखालचं जातं ओढून काढलं, पुसलं, आणि म्हाताऱ्या बायका गोळा केल्या.

मी बाळाला घेऊन दाराआड उभी होते. मला चार माणसांत बोलता येत नाही. आजही येत नाही. लग्नात नाव घ्यायच्या वेळी मी इतका वेळ गप्प राहिले होते की शेवटी नणंदेनंच घेतलं. चुलतीला हे माहीत होतं. तिला हेही माहीत होतं की पहाटे डाळ भरडताना मी एकटी असले की मला ओव्या सुचतात. तिनं बाळ माझ्या हातातून घेतलं आणि मला जात्याशी बसवलं, भिंतीकडं तोंड करून. म्हणाली, "इकडं कुणी न्हाई. तू आन भिंत."

भिंतीकडं बघून मी गायले. आधी माहेराच्या, भावाच्या. मग जातं फिरत राहिलं आणि तोंडातून सासरच्या निघाल्या. जात्यापुढं बसल्यावर बाई सासूचं चांगलं बोलत नाही, हा रिवाजच आहे. ते कुणी मनावर घेत नाही, कारण ऐकायला जातंच असतं. पण त्या दिवशी यंत्रही होतं. शेवटच्या दोन ओव्या अशा होत्या:

बाप गं माझा आला, उन्हात ओट्यावरी
पाण्याचा न्हाई थेंब, माझ्या सासूच्या घरी

काळी गं ढेप गुळाची, बापानं आणियेली
सासूबाईनं माझ्या, म्हशीला चारियेली

हे घडलं होतं. वडील मला बाळंतपणाला न्यायला आले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून ठेवलं. कुणी पाण्याचा तांब्या आणला नाही, मला आणू दिला नाही. वडिलांनी डोक्यावरून आणलेली गुळाची ढेप आत्याबाईंनी उचलली, थेट गोठ्यात नेली, दगडानं फोडली आणि म्हशीच्या बादलीत टाकली. वडील बघत होते. आमच्या माहेरच्या मुलखात गुळाला फार मान. पाहुण्याचा गूळ त्याच्या डोळ्यांदेखत जनावराला घालणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं. परत जाताना एसटीत वडील एवढंच म्हणाले, "तुझी सासू कडक हाय." बाकी रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. मी ती गोष्ट मनात घट्ट धरली.

गाणं संपलं आणि मला भीती वाटली. यंत्रवाल्या गृहस्थांना मी स्वतः विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाला विचारलं, की हे औंधकडं ऐकू जाईल का. ते हसले. म्हणाले, आपलं केंद्र लहान आहे, मधे डोंगर आहेत, तिकडं नुसती खरखर ऐकू येईल. नाव विचारलं तर मी मान हलवली. चुलती म्हणाली, "माहेरवाशीण म्हून लिवा. एवढं बास."

ओव्या रेडिओवर लागल्या तेव्हा मी सासरी आले होते. भावानं पत्रानं कळवलं की सगळ्या गावानं ऐकल्या. मालकांनी कँटीनमधून काळ्या कव्हराचा एक रेडिओ आणला होता. घरात कुणी नसताना मी काटा फिरवून बघितला. खरखरच होती. पुढं कितीदा तरी बघितलं. दर वेळी खरखर ऐकून जीव थंड व्हायचा. लोकांना खरखर नकोशी वाटते, मला ती दाराच्या कडीसारखी वाटायची.

मधल्या वर्षांचं काय लिहू. सासरे गेले. मालक पेन्शनीत आले आणि साताऱ्याला एका दवाखान्यात रखवालदार म्हणून लागले, रविवारी येतात. मुलगी लग्न होऊन गेली. गेल्या वर्षी आत्याबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, आता ओसरीत खाटेवर असतात. त्यांची वेणी मी घालते, अंघोळ मी घालते, जेवणाचा पहिला घास मी भरवते आणि पुढचे त्या हातानं खातात. तीस वर्षांपूर्वीच्या आत्याबाई आणि या आत्याबाई यांचा मेळ लागत नाही. त्या मला हाक मारताना आता 'बाई' म्हणतात. आधी 'ए' होतं. हे इतक्या वर्षांनी मिळालं होतं आणि ते जाऊ नये एवढंच मला वाटत होतं.

पावसाळ्यानंतर भावाचा फोन आला. म्हणाला, आपलं केंद्र बंद होतंय बहुतेक, सगळी बदलाबदली चाललीय, आता तिकडं नवीन कार्यक्रम होणार नाहीत म्हणे. मी वाईट वाटल्यासारखं बोलले. पण खोटं कशाला लिहू, मनात म्हटलं, चला, ओव्यांची फीतही गेली असेल.

मग एका सकाळी आमच्याकडच्या केंद्रावरची नेहमीची निवेदिका गायब. तिच्या जागी एक नवीन मुलगी, भरभर बोलणारी, मधे हिंदी, मधे इंग्रजी. आत्याबाई म्हणाल्या, "ही बाई दम घेत न्हाई. पोहाया गेल्यागत बोलतीया." नेहमीच्या बटाट्या-कांद्याच्या भावाऐवजी तिनं हळदीचे भाव सांगितले. मग बेदाण्याचे. आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आपल्यात हळद कुणी लावलीया गं?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. हळद, बेदाणा हा सांगलीकडचा माल. माझ्या माहेरचा बाजार माझ्या सासरच्या ओसरीत बोलत होता. पण मला वाटलं, चुकून लागलं असेल. ती मुलगी रोज सांगायची की आता आपण चार केंद्रं मिळून एकच कार्यक्रम ऐकतोय, आता डोंगर आडवे येणार नाहीत, मोबाईलवरही ऐका. मी ते ऐकत होते आणि त्याच वेळी भाकरी थापत होते.

तो मंगळवार होता. दुपारी जेवणं झाली होती. मी उंबऱ्याशी ज्वारी पाखडत होते. ती मुलगी म्हणाली, आता दुपारी रोज आपल्या जुन्या खजिन्यातून काहीतरी, आज आणि उद्या जात्यावरच्या ओव्या. आज माहेरच्या, उद्या सासरच्या.

पहिला आवाज चुलतीचा आला. चुलती जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या चितेला अग्नी दिला तेव्हा मी तिथं होते. आणि ती आमच्या ओसरीत खणखणीत गात होती. मधे खोकलीसुद्धा, तसंच ठेवलं होतं. माझे हात थांबले. मग जात्याची घरघर आणि एक कोवळा आवाज:

माझ्या माहेराच्या वाटं, ऊस लागला डोलाया
बंधू आला न्हेयाला, दारी लागला बोलाया

आधी मला कळलंच नाही. वाटलं, ही कोण पोरगी? मग शब्द ओळखले. सूप पडलं ते तेव्हा. वीस वर्षांची मी तिथं बसले होते, भिंतीकडं तोंड करून, आणि तिच्या पाठीमागं आत्याबाई ऐकत होत्या. मला उठून रेडिओ बंद करायचा होता. पण रेडिओ त्यांच्या हाताखाली होता.

आत्याबाईंनी डोळे मिटले होते. कार्यक्रम संपला तेव्हा त्यांनी ज्वारीकडं बघितलं आणि चहा मागितला. बास. मी चहा केला. साखर दोनदा घातली. त्या तसाच प्यायल्या.

त्या रात्री मी जेवले नाही. उद्या सासरच्या. त्यांना ऐकून कळेल का? आवाज बदललाय, नाव सांगितलं नाही, फक्त माहेरवाशीण म्हणाले. पण ओट्यावर बसलेला बाप, काळी ढेप आणि म्हैस, हे दुसऱ्या कुणाच्या घरात घडलं असणार? इकडं गूळ होतच नाही. मालकांना फोन करावा म्हटलं तर काय सांगणार? त्यांनाही ओव्या माहीत नव्हत्या. भावाला केला. म्हटलं, केंद्रावर जाऊन सांग की उद्याचं लावू नका. तो म्हणाला, "आक्का, तिथं आता सांगायला कोण हाय? फाटकाला कुलूप अस्तंय. लांबनं कुठनं तरी लावत्यात सगळं."

म्हणजे ज्याला सांगता येईल असं माणूसच उरलं नव्हतं. आवाज तेवढा सगळीकडं पोचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंना न्हाऊ घालताना त्यांची पाठ माझ्याकडं होती, तेव्हा ओसरीत जाऊन मी रेडिओचे सेल काढले आणि अंगणात उन्हात ठेवले. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवतो, थोडा दम धरतात. त्यामुळं ते काही वेगळं दिसणार नव्हतं. मग म्हटलं, "आत्याबाई, सेल गेल्यात वाटतं. रविवारी हे आल्यावर आणत्याल."

त्या खाटेवर नीट टेकून बसल्या. ओले केस मी पुसत होते. म्हणाल्या, "सेल कालच्या बाजारातलं हायती. घाल परत."

मी केस पुसतच राहिले.

"अगं, काल वळखलं म्या. तीस वर्सं भाकरी थापताना तुझं गुणगुणनं ऐकतिया, गळा वळखाया यायचा न्हाई व्हय? आज माझं काय सांगितलंस ते ऐकू दे."

पाया पडावं असं वाटलं, पण जमलं नाही. अंगणात गेले, सेल आणले. घाईत एक उलटा घातला. त्यांनीच रेडिओ घेतला, सेल काढून सुलटा बसवला.

दुपारपर्यंत मी घरातली कामं उरकली. वेळ झाली तशी मी त्यांच्या पायांशी खाली बसले. कुठं जायचं होतं? ती मुलगी काहीतरी हसून बोलली, मग जातं सुरू झालं. पहिल्या दोन-तीन ओव्या म्हाताऱ्यांच्या होत्या. मग माझी. बाप, ओटा, पाणी. मग ढेप, म्हैस. माझा आवाज शेवटी चढला होता. त्यात रडणं नव्हतं. राग होता. इतका राग मला कधी आला होता हे मी विसरून गेले होते.

आत्याबाईंनी रेडिओ बंद केला. मग त्या म्हणाल्या, "ढेपीचं खोटं हाय."

मी वर बघितलं.

"म्हस व्याली हुती तवा. तिला बाजरीत काळा गूळ द्याचा असतूय. हितं कुठनं मिळायचा? म्याच तुझ्या बापाला निरोप धाडला हुता, येताना म्हशीपुरती काळी ढेप आणा म्हून. चांगली पिवळी ढेप त्यानं तुझ्या सासऱ्याच्या हातात दिली, रानात. ती आमी पाडव्यापतूर खाल्ली. तू न्हवतीस."

म्हैस व्यालेली मला आठवत होती. खरवस मीच केला होता. माझ्या माहेरीही व्यालेल्या म्हशीला काळा गूळ घालतात, हेही मला माहीत होतं. पण त्या दिवशी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी आल्याच नाहीत. मला फक्त वडिलांचं तोंड दिसत होतं.

"आन पाण्याचं?" मी विचारलं. कसं विचारलं माहीत नाही.

"पाण्याचं खरं हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "सुगी आडवी पडली हुती. काढणीला हात न्हवतं, आन त्यो सून न्ह्याला आला. राग आला मला. पाणी दिलं न्हाई. ते खरं हाय."

संध्याकाळी मी भावाला फोन केला आणि विचारलं. तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. लगेच म्हणाला, "दोन ढेपा हुत्या की. काळी म्हशीची, दुसरी पावण्यांची. गुऱ्हाळातनं म्याच डोक्यावर आणल्या." म्हटलं, मला का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "तू कवा इचारलंस?"

खरंच मी कधी विचारलं नव्हतं. वडील एसटीत गप्प होते ते पाण्यामुळं असतील, उन्हामुळं असतील, नाहीतर लेकीला घेऊन निघालेला बाप गप्पच असतो म्हणून असतील. ते जाऊन आता वीस वर्षं होत आली. तीस-बत्तीस वर्षं मी एक खोटी गोष्ट खरी म्हणून जपली, आणि ती चार केंद्रांवर एकदम लागली.

आत्याबाई म्हणाल्या, पत्र लिही. केंद्राला. ढेपीचं खोटं आहे म्हणून. मी म्हटलं, तिथं वाचायला कुणी नाही, आता पत्रांचा कार्यक्रम नाही. त्या म्हणाल्या, तरी लिही. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दोन ओळींत बसलं. मी भीत भीत विचारलं, पाण्याची ओवीही काढा म्हणून लिहू का? त्या म्हणाल्या, "ती कशाला काढायची? मी काय तसली बाई हाय व्हय, खऱ्याला खोटं म्हणणारी?" पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मधे एकदा त्या ओव्या परत लागल्या. शेजारीण बसायला आली होती, तिला आत्याबाईंनी ठणकावून सांगितलं, ढेपीचं खोटं आहे, म्हशीचीच होती. पाण्याच्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. शेजारणीनं विचारलंही नाही. ही ओवी कुणाची हे तिला अजून माहीत नाही.

त्यानंतर मला एक वाईट खोड लागली. दुपारी त्यांच्या पायाला तेल लावताना माझ्या मनातल्या जुन्या गोष्टी मी एकेक काढायला लागले. तोंडातून शब्द फुटायला फार वेळ लागतो, पण तेल लावताना बघावं लागत नाही एकमेकींकडं. तुम्ही माझं लग्नातलं लुगडं नणंदेला दिलं होतं, खरं का? त्या म्हणाल्या, खरं. मी तापात पडले तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला नाही, खरं का? खरं. माझ्या भावाला जत्रेत ओळख दाखवली नाही? त्या विचार करून म्हणाल्या, ते खोटं, मला दिसला नसेल, त्या वर्षी डोळ्याला मोतीबिंदू होता. असं चालू राहिलं. बहुतेक खऱ्याच निघाल्या. त्यांना खऱ्या म्हणायला काही वाटत नव्हतं. मलाच दर वेळी धक्का बसायचा, कारण मी तयारी खोट्याची करून ठेवायची.

काल माझ्याकडच्या संपल्या. मी तेलाची वाटी उचलली. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बस. आता माझ्या ऐक."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्याही असतील, हे. मी त्यांना सासू म्हणूनच धरलं होतं.

त्या म्हणाल्या, "तू सातव्यात गेलीस. पोरगी झाली. मला कळवलं न्हाईस. तुझा बाप आला न्हाई, भाऊ आला न्हाई. मी रोज पांदीपतूर जाऊन एसटी बघायची. एक म्हयना. मग माझ्या पोराचं पत्र आलं, सरहद्दीवरनं. मास्तरकडनं वाचून घेतलं. त्यात लिवलं हुतं, आई, तुला नात झाली. आष्ट्याची बातमी मला तिकडनं आली. तुला लिवाय येत हुतं. खरं का खोटं?"

मी वडिलांना म्हटलं होतं, तुम्ही तिकडं जाऊ नका, परत पाणी मिळायचं नाही. आणि मालकांना मात्र तिसऱ्या दिवशी पत्र टाकलं होतं, माझ्या हातानं. औंधच्या पत्त्यावर एक कार्ड टाकायला काही लागलं नसतं.

ही ओवी कुणी गायली नव्हती. ती कुठल्या रेडिओवर लागणार नाही.

"खरं हाय, आत्याबाई," मी म्हणाले.